हिरवा गुलमोहर बद्द वाजतो

कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय विकत घेणं तात्यारावांना जमत नसे. बाजारात माठ घ्यायला गेले की पंधरा माठांवर टिचक्या मारत आणि सोळावा उचलत. त्यांना लांबून येताना बघितलं की कुंभारीण तोंड फिरवून बसायची. टरबूज, नारळ, पाण्याची टाकी, एवढंच काय, घराला नवं दार बसवलं तेव्हा सुतार गेल्यावर त्यांनी पाऊण तास त्या दारावर ठकठक केलं होतं. रुख्मिणीबाई शेजारणींना सांगत, "माझं लग्न वडीलमाणसांनी ठरवलं म्हणून बरं झालं. न्हाई तर ह्यांनी माझ्या बी डोस्क्यावर टिचकी मारून बघितली असती."

ही खोड नोकरीतली. चौतीस वर्षं ते पूर्णा जंक्शनवर रेल्वेत होते. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्यापाशी वाकायचं आणि प्रत्येक चाकावर एकेक ठोका मारायचा, हे त्यांचं काम. चांगलं चाक शाळेच्या घंटेसारखं टण्ण वाजतं. आत तडा असला की तेच चाक बद्द बोलतं. वर खिडकीत माणसं भजी खात बसलेली असायची आणि खाली तात्याराव कान लावून चालत असायचे. चौतीस वर्षांत त्यांनी तडा गेलेली अकरा चाकं पकडली. हा आकडा ते कुणी विचारलं नाही तरी सांगत.

निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, आंबेटाकळीला येऊन राहिले. सकाळी आठला नागुअक्काच्या हॉटेलात चहा, मग पेपर, मग परत चहा. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक भट्टी आणि दोन बाकडी. ग्रामपंचायतीच्या पुढच्या मोकळ्या जागेत एका मोठ्या गुलमोहराच्या बुंध्याला टेकून ते उभं होतं. नागुअक्काच्या मालकानं अठ्ठावीस वर्षांपूर्वी हे झाड लावलं होतं. मालक जाऊन बारा वर्षं झाली, पण झाड असं फोफावलं होतं की वैशाखात अख्खं गाव त्याच्या सावलीला यायचं. नागुअक्का सत्तरीकडे झुकलेल्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज खणखणीत आणि चहा कडक.

त्याच मोकळ्या जागेत, पन्नास पावलांवर, एक चिंच होती. म्हातारी, वाकडी, अंगभर गाठी आलेली. तिच्या पोटात एवढी मोठी ढोली होती की लपाछपी खेळताना तीन पोरं एकदम आत मावत. गावाला ती कधी आवडलीच नाही.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी त्या चिंचेची वाळकी फांदी मोडली आणि ग्रामसेवकाच्या मोटरसायकलवर पडली. माणूस कुणी नव्हतं, फक्त गाडीचं सीट फाटलं. पण सरपंच माधवीताईंनी ते मनाला लावून घेतलं. वय बत्तीस, पदावर दोन वर्षं झालेली, आणि कामाला एकदम चटपटीत. "आज सीटवर पडली, उद्या लेकरावर पडल," म्हणून त्यांनी ठराव घेतला, तालुक्याला कागद पाठवले, चिंच तोडायची परवानगी आणली आणि शेजारच्या गावातून दत्ता लाकूडतोड्याला सोमवारी यायला सांगितलं. दत्ताकडे यंत्राची करवत होती.

हे सगळं तात्यारावांना चहा पिताना कळलं.

"वाजवून बघितलं का?" त्यांनी विचारलं.

पंचायतीकडे निघालेल्या माधवीताई वळल्या. "काका, झाडाला एवढी ढोली हाय. त्यात आणखी काय वाजवायचं?"

"डोळ्याला दिसणारा तडा कुणी बी पकडतो, ताई. मी पकडली ती चाकं वरून गुळगुळीत होती."

माधवीताईंना घाई होती, पण म्हाताऱ्याचा शब्द मोडायची त्यांची सवय नव्हती. "सोमवारपर्यंत काय वाजवायचं ते वाजवा," त्या म्हणाल्या.

तात्याराव घरी गेले, माळ्यावरून जुनी लोखंडी हातोडी काढली आणि चिंचेपुढे उभे राहिले. दहा-बारा माणसं जमली. त्यांनी ठोका मारला. काहीच नाही. नुसती साल दबली. दुसरा मारला, तिसरा मारला. पोलाद बोलतं तसं लाकूड बोलत नव्हतं, आणि सालीची जाड गोधडी आवाज गिळत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तात्यारावांच्या कानाला काही कळेना.

"काय म्हणायलंय झाड?" नागुअक्कांनी भट्टीपासून विचारलं. "तब्येत बरी हाय का?"

सगळे हसले. तात्यारावही हसले, पण घरी येईपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांना दुःख हसण्याचं नव्हतं. आपली विद्या एकाच कामाची होती की काय, हे त्यांना खुपत होतं. अंगणात रुख्मिणीबाई लाकडी मोगरीनं गोधड्या बडवत होत्या. धप, धप, धप. तात्याराव बराच वेळ ऐकत बसले आणि एकदम उठून म्हणाले, "ती मोगरी देतीस का जरा?"

"गोधडी कोण बडवणार मग?"

"मी बडवतो. नंतर."

लाकडाला लाकूडच बोलतं करतं, हे त्यांना त्या दिवशी उमगलं. पुढचे तीन दिवस त्यांनी शाळा मांडली. आधी ज्या झाडांचं पोट त्यांना माहीत होतं ती धरली. विहिरीजवळचा ठणठणीत कडुलिंब वाजवला. वावराच्या बांधावर अर्धी कापून ठेवलेली बाभूळ होती; तिचा भरीव भाग वाजवला, मग उधईनं खाल्लेला भाग वाजवला, मग परत भरीव. भरीव लाकूड ठक्क म्हणायचं, आवाज मोगरीतून मनगटापर्यंत यायचा. कुजलेलं ढब म्हणायचं आणि आवाज तिथंच मरायचा. तीन दिवसांत त्यांनी चाळीस झाडं वाजवली. एक जण रुख्मिणीबाईंना घरी येऊन विचारून गेला की तात्यांना परभणीला नेऊन दाखवायचं का. "डॉक्टरचं बी पोट वाजवतील ते," म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

रविवारी दत्ता झाड बघायला आला. चाळिशीचा, अंगानं आडवा, बोलायला कमी. तात्याराव चिंचेभोवती गोल फिरत ठोके मारत होते. दत्ता कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिला.

"हे बघा," तात्याराव म्हणाले, "आतून पोकळ हाय, आवाज घुमतो. पण ठोका मेलेला न्हाई. कड जाड हाय हिची."

"बघू की," दत्ता म्हणाला. त्यानं पिशवीतून बरमा काढला आणि चार दिशांना चार बारीक भोकं पाडली. प्रत्येक भोकात सायकलचा आरा घालून त्यानं मोजलं. एका जागी वीतभर, एका जागी वीत आणि चार बोटं. वीतभरापेक्षा कमी कुठंच नाही, आणि बरम्याबरोबर आलेलं लाकूड कोरडं, लालसर, चिवट.

माधवीताईही येऊन उभ्या होत्या. "पण पोकळ तर हायच ना?" त्या म्हणाल्या.

"पाईप बी पोकळच असतो, ताई," दत्ता म्हणाला. "वाळक्या फांद्या तेवढ्या उतरवू. बाकी ही माझ्या नातवाला बी पुरल."

तात्यारावांची छाती दोन बोटं फुगली. सगळे चहाला गेले. ते आपल्या नेहमीच्या बाकड्यावर बसले, गुलमोहराला पाठ लावली, डाव्या हातात कप घेतला आणि उजव्या हातातल्या मोगरीनं, सवयीनं, काहीही मनात नसताना, मागच्या मागे बुंध्यावर एक ठोका दिला.

ढब.

त्यांनी कप खाली ठेवला. वळून छातीच्या उंचीवर मारला. ठक्क. गुडघ्याच्या उंचीवर मारला. ढब. बाजूला सरकून जमिनीलगत मारला, तर आवाज आलाच नाही; ओल्या पोत्यावर मारल्यासारखं वाटलं.

"नागुअक्का," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमचं टेबल जरा पुढं घेता का?"

"कशाला?"

"बघायचंय."

टेबल सरकवलं. मागे, बुंध्याला जमिनीपासून हातभर वर, भाकरीएवढी एक तपकिरी फळी फुटलेली होती. वरून लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी किनार. तिच्यावर आगपेटी, चहाची गाळणी आणि अडकित्ता नीट मांडून ठेवला होता. तिच्याखाली आणखी दोन लहान फळ्या फुटू लागल्या होत्या.

"हे काय?" तात्यारावांनी विचारलं.

"फळी हाय," नागुअक्का म्हणाल्या. "दोन वर्षं झाले. झाडानंच दिली. लय मजबूत हाय, किटली ठिवली तरी वाकत न्हाई."

"आन् ही लाल भुकटी?" आजूबाजूच्या बरण्यांवर विटकरी रंगाची बारीक धूळ बसली होती.

"ती रोजच असती. कितीबी पुसा. मला वाटतं रस्त्याची हाय."

दत्ता खाली वाकला आणि त्यानं त्या फळीच्या पोटाला बोट लावलं. बोट विटकरी झालं. "रस्त्याची न्हाई, हिचीच हाय," तो म्हणाला. "भूछत्र हाय हे, अक्का. बुरशीचं फळ. बाहेर एवढं दिसतंय म्हणजे आत तिचा संसार मोठा असणार."

मग तात्यारावांना एकेक गोष्ट दिसायला लागली. रोज पाठ टेकून बसत होते, म्हणून कधी दिसली नव्हती. वर, फांदीच्या बेचक्यात, सालीवर भुशाची जाळी लोंबत होती. अळ्यांनी साल पोखरून काढलेला भुसा. खाली करंगळी जाईल अशी तीन भोकं होती, भिरुडाची, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्याची. पलीकडून उधईचा मातीचा ओघळ वर चढला होता. आणि तीन वर्षांपूर्वी नळाच्या पाईपासाठी खोदलेला चर बुंध्यापासून दोन हातांवरून गेला होता. तेव्हा त्या बाजूची मुळं कुऱ्हाडीनं तोडताना त्यांनी स्वतः चहा पीत बघितलं होतं.

"ताई," ते माधवीताईंना म्हणाले, "तुमचं झाड चुकलं. तोडायचं ते हे हाय."

नागुअक्कांनी तात्यारावांचा अर्धा भरलेला कप उचलला आणि नालीत ओतला. "उद्यापासून घरी पीत जा च्या," त्या म्हणाल्या.

तात्याराव दोन दिवस घरी चहा प्याले. रुख्मिणीबाईंचा चहा गोड असे, दूध जास्त असे आणि समोर भांडायला कुणी नसे. गावात दोन तट पडले. चिंच वाचली हे बऱ्याच जणांना रुचलं नव्हतं, आणि गुलमोहर जाणार हे तर कुणालाच पटेना. एवढं हिरवंगार झाड, फांदी न् फांदी पानांनी लवलेली, त्याला म्हातारा म्हणतो आतून गेलंय. काही जण म्हणाले, तात्याला नागुअक्काची जागा पाहिजे असेल. हे मात्र तात्यारावांना फार लागलं. नागुअक्काचे मालक त्यांच्या बरोबरीचे. तात्याराव पूर्णेहून रजेवर आले की दोघं एकाच ताटात जेवायचे.

मंगळवारी संध्याकाळी माधवीताई त्यांच्या घरी आल्या. "काका, तुमचं बराबर असल तर मी गप कशी बसू? आन् चुकीचं असल तर लोकांना काय सांगू?"

"सांगू नका. दाखवा," तात्याराव म्हणाले. "उद्या दत्ताला पहार घेऊन बोलवा."

बुधवारी सकाळी गाव जमलं. नागुअक्का भट्टीमागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. दत्तानं चराच्या बाजूला, बुंध्याच्या पायथ्याशी पहारीचं टोक टेकवलं. घाव घातला नाही, नुसता अंगाचा भार दिला. पहार भाकरीत बोट जावं तशी आत गेली. एक हात गेली, दीड हात गेली. बाहेर काढली तेव्हा तिला पांढरे, ओलसर धागे आणि स्पंजासारखा भुगा चिकटला होता. दत्तानं तो हातावर घेऊन पिळला, तर पाणी आलं.

नागुअक्का पुढे आल्या आणि त्यांनी तो भुगा दोन बोटांनी चिमटून बघितला.

"मग वर एवढी पानं कशी हायत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

"पाणी वर जातं ते सालीच्या आतल्या कडेकडेनं, अक्का," तात्याराव म्हणाले. "ती कड अजून जिती हाय, म्हणून पानं हायत. आतल्या गाभ्याचं काम झाडाला उभं धरायचं. तो गाभा आन् खालची मुळं बुरशीनं खाल्ली. रंग दिलेला डबा असतो ना, तसं झालंय. वरून झकास, खाली चाक गेलेलं."

"पडायचंच असतं तर आतापोतर पडलं नसतं का?"

"मी अकरा चाकं पकडली. ती समदी आदल्या टेसनापर्यंत बराबरच आली होती."

नागुअक्कांनी भट्टीतली लाकडं ओढून विझवली आणि बाकड्याचं एक टोक उचललं. "बघत काय उभे राहिलाव?" त्या म्हणाल्या. "दुसरं टोक कोण, माझा सासरा धरणार हाय का?"

दुपारपर्यंत हॉटेल चिंचेखाली गेलं. वाळक्या फांद्या दत्तानं उतरवल्या होत्या, सावली थोडी विरळ होती, पण चिंचेचे हिरवे आकडे खाली पडत आणि गिऱ्हाइकं चहाबरोबर तेही चघळत. ढोलीत नागुअक्कांनी साखरेचे डबे ठेवले. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी ते शोधून काढले, तेव्हा साखर परत टेबलावर आली आणि ढोलीत सरपण गेलं. तात्यारावांचा कप परत सुरू झाला.

गुलमोहराचा नवा कागद तालुक्याहून यायला अकरा दिवस लागले. तोवर माधवीताईंनी झाडाभोवती दोरी बांधून ठेवली आणि पोरांना तिकडे फिरकू दिलं नाही. झाड पाडायच्या दिवशी दत्तानं शेंड्याजवळ जाड दोर बांधला. दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. ट्रॅक्टर मोकळ्या मैदानाच्या बाजूला, लांब. तात्यारावांनी सगळी पाहणी केली आणि मोठ्या अधिकारानं जाहीर केलं, "चर उत्तरेला, मुळं तिकडं तुटलेली. झाड सरळ दक्षिणेला मैदानात जाणार. पंचायतीच्या बाजूला पान बी पडणार न्हाई." एवढा विश्वास की त्यांनी आपली सायकल पंचायतीच्या भिंतीला टेकवून ठेवली.

दत्ताचा बेत असा की ट्रॅक्टरनं दोर नुसता ताणायचा आणि मग करवत लावायची. ट्रॅक्टर दोन हात पुढे सरकला. दोर ताठ झाला. करवत अजून सुरूही झाली नव्हती, तोच पायथ्याशी कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि अख्खं झाड मुळासकट उठलं. अर्ध्या वाटेपर्यंत ते मैदानाकडेच गेलं. मग कुणीतरी मागून पदर ओढावा तसं ते थबकलं, गर्रकन फिरलं आणि पंचायतीच्या दिशेनं आडवं झालं. भिंतीपासून चार बोटं अलीकडे. भिंत वाचली. सायकल वाचली नाही.

धूळ बसली. मग नागुअक्का हसायला लागल्या. त्या अशा हसल्या की त्यांना बाकड्यावर बसावं लागलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्यांचं बघून माधवीताई, दत्ता, ट्रॅक्टरवाला, सगळं गाव हसलं.

"एक मूळ जितं होतं, तात्या," दत्ता खड्ड्यात डोकावून म्हणाला. "त्यानं वढून घेतलं."

"ते वाजलं न्हाई मला," तात्याराव म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

हसणं ओसरल्यावर लोक बुंधा बघायला गेले. माणसाच्या मांडीएवढी मुळं असायला हवी होती, तिथं नुसते काळे खुंट होते; बोटानं दाबले की चुरा व्हायचा. बुंध्याचं पोट पांढरं, धाग्याधाग्यांचं, कापसासारखं झालेलं. त्यात अंगठ्याएवढ्या जाड पिवळट अळ्या आळस दिल्यासारख्या वळवळत होत्या. ज्या जागी बाकडं होतं, ज्या जागी भट्टी होती, तिथून झाडाला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. माधवीताईंनी कपाळावरचा घाम पुसला. रोज सकाळी त्या जागेवर वीसएक माणसं बसायची.

सगळे पांगल्यावर नागुअक्का एकट्याच उभ्या होत्या. तात्याराव जवळ गेले.

"मी रोज तिथंच गरम पाणी वतायची," त्या म्हणाल्या. "कपबश्या धुतलेलं. बावीस वर्षं. त्यानं झालं का रे हे?"

खोटं सांगितलेलं अक्कांना ओळखू आलं असतं. "त्यानं थोडी ओल राहिली असल," ते म्हणाले. "पण चरात मुळं तुटली तवा बुरशीला दार उघडलं. भिरुडानं भोकं पाडली, उधई आली. आन् मी रोज त्याला पाठ लावून बसलो, एकदा बी वळून बघितलं न्हाई. कुणा एकाचं काम न्हाई हे, अक्का."

"मालक असते तर?"

"तर त्यांनी पहिल्यांदा माझ्या सायकलीला हसून घेतलं असतं."

नागुअक्कांनी मान हलवली. "हे मात्र खरं हाय," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

दिवाळीनंतर माधवीताईंनी पंचायतीपुढे नवी झाडं लावायचं ठरवलं. तात्यारावांना आता या विषयात गावानं शहाणा मानलं होतं. शेजारच्या दोन गावांतल्या शाळांनी पटांगणातली झाडं वाजवायला त्यांना बोलावलं होतं, आणि रुख्मिणीबाईंनी शेवटी दुसरी मोगरी घेतली होती. तात्यारावांनी करंज आणि कडुलिंब सुचवले. पाईपापासून पंधरा हात लांब, खड्डे खोल, बुंध्याला गरम पाणी नाही, खिळे नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नागुअक्का मात्र एक रोप कागदात गुंडाळून घेऊन आल्या. गुलमोहराचं.

"अक्का, पुन्हा तेच?" तात्याराव म्हणाले. "लवकर वाढतं खरं, पण लाकूड कच्चं असतं त्याचं."

"मला लाल फुलं पाहिजेत," नागुअक्का म्हणाल्या.

त्या कुणाचं ऐकणार नव्हत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी रोप हॉटेलजवळ लावलं नाही. पंचायतीपासून, रस्त्यापासून, शाळेच्या वाटेपासून लांब, गायरानाच्या कडेला, जिथं माणूस काय शेळीही बसत नाही अशा जागी त्यांनी स्वतः खड्डा घेतला. तात्याराव मागून पाण्याची बादली घेऊन गेले.

"इथं कोण बघणार फुलं?" त्यांनी विचारलं.

"हॉटेलातून दिसतंय की," नागुअक्का माती दाबत म्हणाल्या. "आन् पडायचंच झालं कधी, तर एकटं पडल. वत पाणी. गार हाय ना?"